पेन्शनचा फॉर्म १०-सी अजून भरला नसशील तर

॥ श्री ॥

चिपळूण,
११ जून २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी पहाटे तू निघालीस तेव्हा मी जागा होतो. कडी काढल्याचा आवाज आला, छत्री शोधायला तू परत आत आलीस तेही कळलं. उठायला हवं होतं. आदल्या रात्री तुझ्या नोकरी सोडण्यावरून आणि पुस्तक छापायला पीएफ काढण्यावरून इतकं बोलून झाल्यावर कोणत्या तोंडाने उठू, असं वाटलं आणि पडून राहिलो. आईने डबा तरी दिला. मी स्टँडपर्यंत बॅगसुद्धा धरली नाही. गाडी कुंभार्ली चढली असेल तेव्हा मी उठलो, चूळ भरली, आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

"परीकथांसाठी कुणी पीएफ मोडतं का?" हे मी बोललो ते चुकलं. तू फक्त एवढंच म्हणालीस, "त्या परीकथा नाहीत, बाबा." त्या नाहीत हे मला ठाऊक आहे. तुझ्या पुस्तकातली ती घुंगुरकाठीवाली पोर वाशिष्ठीच्या तळाशी मगरींच्या गावात टपाल घेऊन जाते, ते मी चार वेळा वाचलंय. ती काठी कुठून आली हे या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? नानांचे आजोबा डाकेची पिशवी खांद्याला लावून घाट चढायचे. जनावरं बाजूला व्हावीत म्हणून काठीला घुंगरू. तू चार वर्षांची होतीस, दिवे गेले की हेच सांग म्हणून मागे लागायचीस, आणि मी रोज त्यात एक नवं जनावर घालायचो. मगर मी घातली होती. ती तू सांभाळून ठेवलीस आणि तिचं गाव वसवलंस.

फोनवर बोललो असतो तर पुन्हा त्याच विषयावर आलो असतो, म्हणून कागद घेतला. पीएफचं काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

काल वटपौर्णिमा झाली. आई नाक्यावरच्या वडाला जाऊन आली. पाऊस आहे, पण अजून धरून पडत नाही. दुसऱ्या भागाच्या उरलेल्या प्रती वरच्या खोलीत फळ्या टाकून त्यावर ठेवल्यात, भिंतीपासून वीतभर लांब. खोक्यांत कडुनिंबाचा पाला घातलाय, कसर लागू नये म्हणून. एकूण ३४० प्रती आहेत. मी मोजल्या.

वर ठेवल्या म्हणजे किती उंच, हे आता आपल्याला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१. मला तारखेसकट आठवतं, कारण आदल्या संध्याकाळी मीच म्हणालो होतो की खालच्या खोलीला काही होणार नाही, २००५ ला तिथे कमरेएवढंच पाणी होतं. खोकी माळ्यावर टाकूया म्हणत होतीस तू. माझी पाठ दुखत होती, म्हणून नको म्हणालो. पहिल्या भागाच्या ७०० प्रती. करोनामुळे ना प्रदर्शन ना शाळा, सगळा माल घरातच. पाणी माळ्याच्याही वर गेलं, तेव्हा माळ्यावर टाकूनही वाचल्या नसत्या, असं तू नंतर मला समजवायचीस. पण ते मनातून गेलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर खोली उघडली तेव्हा खोकी फुटली होती. कागद पाणी पिऊन फुगतो आणि खोकं आतून फोडतो हे मी टपालात अडतीस वर्षं काढून कधी पाहिलं नव्हतं. तू चिखलात बसून एक प्रत हातात घेतलीस आणि नखाने पान सोडवायला लागलीस. एक सुटलं. दुसरं सुटताना त्याच्यावरचं चित्र समोरच्या पानाला चिकटून गेलं. तू काही बोलली नाहीस. आई सुपलीने गाळ ओढत होती, ती थांबली. मग तू ती प्रत बाजूला ठेवलीस आणि म्हणालीस, पुढच्या वेळी शिवलेली बांधणी करायची, गोंदाची नाही, कोकणातल्या दमट हवेत गोंद टिकत नाही. सातशे पुस्तकांचा लगदा समोर पडलेला आणि ही पुढच्या वेळेचं बोलते! मला तेव्हा तुझा राग आला होता. आज सांगतो, राग नव्हता तो. भीती होती. ही मुलगी कशानेच थांबणार नाही, याची.

गावातलं वाचन मंदिरही तेव्हा पाण्यात गेलं होतं, २००५ नंतर दुसऱ्यांदा. १८६४ सालची संस्था. तू दर शनिवारी तिथून दोन पुस्तकं आणायचीस. आणि मी महिन्याचा 'किशोर' ऑफिसातून घरी आणायचो तेव्हा जिन्यातच हिसकावून घ्यायचीस. त्या पुरानंतर मला एकाच गोष्टीचा आधार वाटला, तुला कधी सांगितलं नाही. पुस्तक निघालं तेव्हा १९५४ च्या कायद्याप्रमाणे चार प्रती चार ग्रंथालयांना पाठवायच्या होत्या: कलकत्त्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईची एशियाटिक आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. तू म्हणालीस, एवढ्याशा पुस्तकाचं कोण विचारतंय. मी म्हणालो, तू प्रकाशक आहेस, कायदा सगळ्यांना सारखा. चारही पाकिटं मी स्वतः बांधली, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून. आपल्या घरातलं सगळं वाहून गेलं त्या दिवशी त्या चार प्रती चार गावांत कोरड्या होत्या. त्या रात्री पत्र्याखाली बसून मी हेच मनात घोळवत होतो.

हे लिहायला बसलो नव्हतो. मुद्द्याचं लिहितो.

तुझ्यामुळे मला या वयात फर्मा म्हणजे काय ते कळलं. सोळा पानांचा एक, तुझं पुस्तक १६० पानांचं, म्हणजे दहा फर्मे. किंमत २२० रुपये. दुकानदाराला ४० टक्के, म्हणजे ८८ गेले. राहिले १३२. छपाई, कागद, शिवण मिळून ७४. हातात ५८, आणि तेही प्रत विकली गेली आणि त्याने वर्षाच्या आत हिशेब केला तर. त्यातून चित्रांचे पैसे. तू चित्रकाराला आधी पैसे देतेस आणि स्वतःला शेवटी, ते मला पटतं. पण शेवटी काही उरत नाही, हे मला वहीत दिसतं. आता तिसऱ्या भागाच्या २००० प्रती म्हणतेस. मागच्याच्या ३४० वरती आहेत. हजार काढ. संपल्या तर पुन्हा छाप, तुझी फाइल कुठे पळून जात नाही. पहिल्या पुस्तकाच्या वेळीच साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाला अर्ज कर म्हणून मी सांगत होतो, ते पहिल्याच पुस्तकाला असतं, तू "नंतर बघू" म्हणालीस आणि ते राहिलं. माणसाने वेळच्या वेळी अर्ज करायला शिकावं. मी अडतीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून दिले, माझ्याच घरात...

राहू दे. पुन्हा तेच करायला लागलो. माफ कर. दोन प्रकाशकांनी तुझं हस्तलिखित सहा-सहा महिने ठेवून परत केलं, एकाने तर छपाईचे पैसे तुझ्याकडेच मागितले, तेव्हा तू रडत बसली नाहीस. स्वतःच्या नावाने आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखनंबर, काढलास. तो तेरा आकडी नंबर आला त्या दिवशी तू तो मला फोनवर आकडा-आकडा वाचून दाखवलास आणि मी तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. पिनकोड पाठ असावा तसा मला तो अजून पाठ आहे.

पण मनू, नोकरीचं एक सांगू दे. शेवटचं. ऑगस्ट २०१६ ते मे २०२५, म्हणजे आठ वर्षं दहा महिने झाले. पेन्शनला दहा वर्षं लागतात. साडेनऊ पुरी झाली तरी दहा धरतात. म्हणजे आठ महिने. फक्त आठ महिने आणखी मराठीचे तास घेतले असतेस तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून, थोडी का होईना, तुझी स्वतःची पेन्शन सुरू झाली असती. सोमवारी, १६ तारखेला शाळा उघडेल आणि तू तिथे नसशील. हे मला गिळवत नाही. तू म्हणतेस, पहाटे साडेचारला उठून लिहायचं आणि मग आठ तास उभं राहून शिकवायचं, दोन्ही धड होत नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मलाही दिसतात. दिसत नाहीत असं नाही.

पीएफची रक्कम तुझी आहे, काढ. छपाईला घाल. मी अडवणार नाही. पण पेन्शनचा भाग वेगळा असतो. फॉर्म १०-सी भरताना दोन पर्याय येतात, पैसे काढायचे की स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं. पैसे काढलेस तर ही जवळपास नऊ वर्षं पुसली गेली. सर्टिफिकेट घेतलंस तर ती जपून राहतात. उद्या कधी, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, कुठे वर्षभर नोकरी केलीस तर तिथून पुढे मोजणी सुरू होते. त्या भागाचे जेवढे पैसे होतील गं, तेवढे मी देतो.

बघ, कबूल करूनही पानभर त्यावरच लिहिलं.

मार्चमध्ये गुहागरकडच्या त्या शाळेत मी तुझ्याबरोबर आलो होतो ते आठवतं? जीपमधून उतरताना माझ्या मनात हाच हिशेब चालू होता. पेट्रोल किती, प्रती किती जातील. तू वर्गात गेलीस, पिशवीतून काठी काढलीस, आणि बोलायच्या आधी ती एकदाच जमिनीवर आपटलीस. घुंगरू वाजले. मागच्या बाकावर दोघं एकमेकांना ढकलत होती ती तशीच थांबली. मग तू हळू आवाजात सांगायला लागलीस. मी दारात उभा होतो. माझ्या पायाशी एक लहानगी बसली होती, तिने माझ्या विजारीचा काठ मुठीत धरला होता आणि आपण काय धरलंय हे तिला माहीत नव्हतं. मगर पहिल्यांदा बोलते तिथे तिची मूठ आवळली.

नंतर बाईंनी कपाटातून तुझा दुसरा भाग काढून दाखवला. आदल्या वर्षी घेतलेली एकच प्रत. मुखपृष्ठ निघालेलं, शिवणीचा दोरा तुटलेला, दहाही फर्मे सुटे. मला वाईट वाटलं, एवढी महाग बांधणी करून हे झालं म्हणून. बाई म्हणाल्या, प्रत एक आणि मुलं एकतीस, म्हणून फर्मे वाटून देते. ज्याचा वाचून होईल त्याने पुढच्याला द्यायचा. कुणाला चौथा आधी मिळतो, कुणाला सातवा, मग मधल्या सुट्टीत एकमेकांना विचारतात, ती नदीत पडली कशी, काठी कुणी नेली. "मुलं आता मराठी वाचत नाहीत," असं तुला लिहून कळवणाऱ्याला तो सातवा फर्मा दाखवायला हवा होता. त्याच्या कडा तेलकट बोटांनी काळ्या झाल्या होत्या.

येताना गाडीत मी काही बोललो नाही. तुला वाटलं असेल, बाबा प्रती कमी खपल्या म्हणून गप्प आहेत. मला बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या भागाचं प्रूफ आईने आणि मी तपासून ठेवलंय. एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना सगळे 'ऱ्य' मोडलेत. "किनाऱ्यावर" आणि "वाऱ्यावर" हे शब्द तुझ्याकडे पानोपानी, म्हणून मी भिंग घेऊन फक्त तेवढेच शोधले. ११७ सापडले. लाल पेनने खुणा केल्यात. सहाव्या प्रकरणात म्हातारा पोस्टमास्तर पत्राला शिक्का मारताना "हळूच, पत्राला लागू नये म्हणून" मारतो, तिथे मी खूण केलेली नाही, नुसतं बोट ठेवून बसलो होतो. मी तसं करायचो हे तुला कधी दिसलं होतं?

नोंदणीच्या अकरा ऑर्डरी बांधून झाल्या. १ मेपासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर, कुठे पोचलं तेही कळतं. तुझी प्रत वेष्टनासकट २१० ग्रॅम भरते, मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाहिलं. प्रकाशकाचं नाव पुस्तकावर असावं लागतं, ते आहेच. तुझंच. तिसरा भाग निघाला की सगळी बांधाबांध माझ्याकडे पाठव. तू लिहायचं सोडून सुतळी बांधत बसू नकोस.

आईने कोकमं आणि फणसाची साठं दिलीत, आणि डोळ्यांत घालायचं ते औषध. जेवणाच्या वेळा पाळ. तिला फोन कर. मी जवळ असलो तरी कर.

तुझे,
बाबा

ता. क. पाकिटात एक पोस्टकार्ड आहे. पुस्तकावर आपल्या घरचा पत्ता छापलाय म्हणून ते इथे आलं. कणकवलीचा मुलगा आहे, चौथीतला. मगरींच्या गावातून परत यायची वाट तिला सापडते की नाही, एवढंच विचारलंय, आणि खाली मगर काढलीय. त्याला आधी उत्तर लिही. १०-सीचं त्यानंतर बघ, पण शुक्रवारच्या आत.