अनाहित म्हणजे अहित नाही गं आई

प्रिय आई-बाबा,

सा.न. आई, परवा व्हिडिओ कॉलवर घरमालकीणबाई मागे उभ्या असताना तू मोठ्यांदा म्हणालीस, "अनाहित? म्हणजे अहितच ना? असलं कसलं नाव ठेवलं बाईंचं!" मी हसले आणि विषय बदलला, पण तेव्हापासून डोक्यात तेच, म्हणून फोनवर न सांगता सगळं लिहूनच काढतेय.

तर अर्थ अगदी उलटा आहे. हे नाव मूळचं इराणकडचं, अवेस्तातली (म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातली) अनाहिता. त्यात 'आहित' म्हणजे डागाळलेलं, मळलेलं, आणि पुढचा 'अन्' आपल्याच अनंत-अनादीतला, म्हणजे अनाहिता झाली निष्कलंक, डाग नसलेली. पाण्याची देवता ती. बाबा, तुमच्या ऑफिसात पारशी अनाहिता मॅडम होत्या ना, तेच नाव! आणि चर्चगेटची भिखा बेहराम विहीर, जिच्यावरून तुम्ही इतकी वर्षं लोकल पकडायला धावलात, तिथे आवां महिन्यात पारशी लोक प्रार्थना करतात ती हिचीच.

इथे आर्मेनियात येऊन ती अनाहित झाली आणि नुसती पाण्याची न राहता सगळ्यांची आईच झाली, 'सोन्याची आई' म्हणायचे तिला. एरेझ गावात (आता ते तुर्कस्तानात गेलं, एर्झिंजान) तिची भरीव सोन्याची मूर्ती होती. ती रोमन सैन्याने लुटली, त्यांचा सेनापती अँटनी याच्या स्वारीत. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने याचा एक किस्सा लिहून ठेवलाय, की सम्राट ऑगस्टस एका म्हाताऱ्या सैनिकाकडे जेवायला गेला आणि त्याने विचारलं, मूर्तीला पहिला हात लावणारा आंधळा होऊन मेला म्हणतात, खरं का? तर तो म्हणाला महाराज, तो मीच, आणि आत्ता तुम्ही जेवताय ते तिच्या पायाच्या सोन्यावर! आई तू म्हणशील देवीने सोडला कसा त्याला, मलाही तेच वाटलं.

पुढे इथल्या तिरदात राजाने ग्रिगोर नावाच्या ख्रिश्चन माणसाला सांगितलं की अनाहितला हार आणि फांद्या वाहा, त्याने नाही म्हटलं, तर राजाने त्याला खोर विराप नावाच्या जागी खोल खड्ड्यात टाकलं, तेरा वर्षं म्हणे. (मागच्या महिन्यात अरारात डोंगराचा फोटो पाठवला होता ना, तो तिथलाच, आत शिडीने उतरावं लागतं, मी अर्ध्यातून परत आले.) इथली परंपरा मानते की 301 मध्ये तोच राजा ख्रिश्चन झाला, मग देवळं पाडली, मूर्त्या फोडल्या, पण नाव काही कुणाला पुसता आलं नाही. आमच्या घरमालकीणबाई दर रविवारी चर्चमध्ये जाऊन मेणबत्त्या लावतात आणि नाव मात्र जुन्या देवीचं, त्यांना त्यात काही विचित्र वाटत नाही. आपल्याकडे काय, नाव एका देवाचं नि कुलदैवत भलतंच असतंच की.

मी त्यांना अनाहित तातिक म्हणते, तातिक म्हणजे आजी. आई, रविवारी कॉलवर तूही तसंच म्हण, अहित-बिहित काही काढू नकोस, त्यांनी तरुणपणी थिएटरात ढिगाने हिंदी पिक्चर पाहिलेत, कळतं त्यांना.

तुमची,
सोनू