डाव्या कानाचं यंत्र एवढ्यात घेऊ नका

टोरांटो, ऑन्टॅरिओ

ती. अण्णा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही सगळ्याला "बरं बरं" म्हणता आणि फोन ठेवला की आईला विचारता, काय म्हणत होती ती? म्हणून लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून सावकाश वाचा. दादाने कान तपासणीच्या कागदाचा फोटो पाठवला, तो नीट पाहिला. यंत्राच्या दुकानदाराला विसार दिला नसेल तर देऊ नका. हे आधीच सांगते, कारण पुढे पत्र लांबणार आहे.

कागदावर तांबडे गोल म्हणजे उजवा कान, निळ्या फुल्या म्हणजे डावा. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी 250 हर्ट्झपासून 8000 पर्यंत चढत जाते, आणि खूण जितकी खाली तितकं ऐकू कमी. तुमच्या उजव्या कानाची रेघ बरीचशी सरळ येते, 4000 ला एकदम खाली पडते आणि 8000 ला पुन्हा थोडी वर येते. हा खड्डा मागाचा. विट्याच्या शेडमध्ये धोट्याच्या मागांशेजारी उभं राहून काढलेली वर्षं तिथे उमटलीत. स, श, च यांचा आवाज वरच्या पट्टीत असतो, स्वरांचा खालच्या. त्यामुळे "आवाज येतो, शब्द कळत नाही" हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. तुम्हाला हवं तेवढंच ऐकू येतं, असं आई उगाच म्हणते. (थोडं तेही असेल.) आणि साधा फोन 3400 हर्ट्झच्या वरचं फारसं पोचवतच नाही, मग माझं बोलणं कळणार कसं?

मला शंका आहे ती डाव्या कानाची. तिथे 500 ला, म्हणजे खालच्या पट्टीतसुद्धा, तुम्हाला 50 डेसिबल (हे आवाजाच्या जोराचं माप) लागतायत. मागाचा आवाज सहसा असं करत नाही. तो दोन्ही कानांना साधारण सारखाच बाधतो आणि सुरुवात वरच्या पट्टीपासून करतो. बरं, कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून तपासलं तेव्हा तोच डावा कान 20 डेसिबलला ऐकतोय. वरवर पाहता कानाची नस चांगली आणि अडथळा पडद्यात किंवा मधल्या कानात. पण हाडावर दिलेला आवाज कवटीतून दोन्ही कानांना पोचतो. म्हणून डावा तपासताना उजव्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. याला मास्किंग म्हणतात. ते केलं असेल तर कागदावर चौकोनी कंसाची खूण असते. तुमच्या कागदावर नुसती बाणाच्या टोकासारखी खूण आहे. म्हणजे ऐकलं कदाचित उजव्याने आणि नाव लागलं डाव्याचं.

अडथळा असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे त्यावर उपचार असू शकतो, यंत्र लागेलच असं नाही. आणि एकाच बाजूची नस कमजोर असेल तर ती का झाली हे आधी शोधावं लागतं, प्रसंगी एमआरआय करून. दोन्हींत आज यंत्र घालणं म्हणजे मूळ दुखणं झाकणं.

इथल्या ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे कान तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, लायसन्सच्या परीक्षेसाठी मास्किंगचे नियम पुन्हा घोकताना मी जरा कुरकुरत होते. तुमचा कागद बघितल्यापासून गप्प आहे. ऑन्टॅरिओच्या 1991 च्या कायद्यात कानाचं यंत्र लिहून देणं हे ठरावीक परवानाधारकांनीच करायचं काम आहे. विकणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचं नाही. आपल्याकडेही 1992 चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. ऑडिओलॉजिस्टची तिथे नोंदणी लागते, आणि बिननोंदणीच्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपयांना कोण भितंय! म्हणून नोंदणी क्रमांक आपणच विचारायचा. लाजू नका, खरा माणूस लगेच दाखवतो.

दादाबरोबर मिरजेला जा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ आणि पडदा बघून घ्या, मग आवाजबंद खोलीत पुन्हा ऑडिओमेट्री, म्हणजे हीच कान तपासणी. "डाव्या कानाचं बोन कंडक्शन मास्किंग करून घ्या, आणि टिम्पॅनोमेट्रीही," हे वाक्य दादाने चिठ्ठीवर लिहून न्यावं. (बोन कंडक्शन म्हणजे ती हाडावरची तपासणी, टिम्पॅनोमेट्री म्हणजे पडदा नीट हलतो का ते बघणं.) आदल्या दिवशी शेडकडे फिरकायचं नाही, मागाच्या आवाजाने कान तात्पुरता आणखी बधिर होतो. आणि अण्णा, अंदाजाने बटण दाबू नका. ऐकू आलं की आवाज 10 डेसिबलने उतरवतात, नाही आलं की 5 ने चढवतात. तुम्ही हुशारी दाखवलीत तर आकडेच चुकतील.

कारखान्यांसाठीच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत आवाजाने येणारं बहिरेपण आहे, पण आपल्याकडची लहान शेड कारखाना म्हणून मोजलीच जात नाहीत. तेव्हा काकांच्या बाळूला माझा निरोप द्या. कानात कापसाचा बोळा घालून काही उपयोग नाही, फोमचे इअरप्लग घे, आणि पिळून आतपर्यंत बसव.

नवा कागद आला की फोटो सरळ धरून काढायला सांगा, मागच्या वेळी खालची आकड्यांची ओळ कापली गेली होती. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी