बाळाच्या एक्स-रेमध्ये आईच्या बांगड्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून 29 वर्षं नोकरी केली, रिटायर होऊन आता चार वर्षं झाली. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक आजी दीड वर्षाच्या नातवाला आणि सुनेला घेऊन घरी आली, पोराचा खोकला काही जाईना म्हणून. हातात पिशवी, पिशवीत तीन फिल्म. आठ दिवसांत तीन डॉक्टर झाले, तिन्हीकडं छातीचा एक्स-रे काढला, आणि आधीची फिल्म पुढच्या डॉक्टरला कुणी दाखवलीच नाही कारण ती घरी कपाटावर पडलेली. मी खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या. एकीत बाळ हललेलं, सगळं धुरकट. दुसरीत हनुवटीपासून मांडीपर्यंत अख्खं पोरगं आलेलं, याला आमच्या लाइनीत बेबीग्राम म्हणतात आणि ट्रेनिंगला सुरुवातीलाच सांगतात की हे करायचं नाही, छाती बघायचीय तर कोलिमेटरचा (किरणांची चौकट लहान-मोठी करायचं साधन) उजेड छातीपुरताच ठेवायचा, दोन सेकंदांचं काम आहे. आणि तिसरीच्या कोपऱ्यात बाळाचे हात धरलेल्या आईची बोटं आणि चार बांगड्या, स्वच्छ मोजता येतील अशा.

बांगड्या दिसतायत म्हणजे तिचे हात सरळ किरणांत होते. सुनेला विचारलं, ॲप्रन दिलेला का गं? ती म्हणाली, कसला ॲप्रन काका? किरणं अडवणारा शिशाचा ॲप्रन खोलीत असतोच, दाराच्या मागं खुंटीला असतो नाहीतर घडी घालून कोपऱ्यात (घडी घातली की आतलं शिसं चिरतं, हेही कुणी बघत नाही), जड असतो, घालायला वेळ जातो, बाहेर लाइन लागलेली असते, म्हणून राहून जातं. मला सगळं माहिती आहे कारण मीही तिथंच उभा राहिलोय.

आता एवढ्यानं त्या पोरीला काही होणार नाही, हे मी तिला लगेच सांगितलं कारण ती घाबरून रडायलाच लागली. पण आम्हाला शिकताना आमच्या सरांनी एडिसनच्या मदतनीसाची गोष्ट सांगितली होती, क्लॅरेन्स डॅली त्याचं नाव, तो एक्स-रेच्या ट्यूब तपासायला स्वतःचे हात किरणांत धरायचा. आधी हात गेले, मग 1904 ला माणूस गेला. रॉन्टजेननं 1895 ला एक्स-रे शोधला त्यानंतर नऊ वर्षांत हे झालं. त्यावेळची किरणं आजच्या मानानं प्रचंड होती, मशीनं पण आता किती सुधारली, तरी उगाच किरणांत हात घालायचा नाही हे तेव्हापासून ठरलेलं आहे. बाळाला धरायचंच असेल तर घरच्या माणसानं धरावं, ॲप्रन घालून धरावं, हात उजेडाच्या चौकटीबाहेर ठेवावे, आणि धरणारी बाई गरोदर नसावी. ॲप्रन मागायला लाजू नका.

लोक दोन्हीकडून चुकतात असं मी आयुष्यभर बघितलं. काहीजण इतके घाबरतात की पाय मोडला तरी एक्स-रे नको म्हणतात, बाया विचारायच्या की एक्स-रे काढलाय तर आता बाळाला दूध पाजू का. खुशाल पाजा. बटण सोडलं की किरणं संपली, अंगात काही राहत नाही, खोलीत पण काही राहत नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर ही किरणं नसतातच. छातीच्या एका एक्स-रेला साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) किंवा त्याहून कमी डोस बसतो, आणि जमिनीतून, आकाशातून, खाण्यातून जगात सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट आपोआपच मिळतात, म्हणजे दहा-पंधरा दिवसांचा हिशोब झाला. क्षयरोगाच्या मोहिमेत गावोगाव हातात धरायचं छोटं एक्स-रे मशीन घेऊन लोक येतात, तिथं मागं हटू नका, लपलेला टीबी सापडणं त्या किरणांपेक्षा शंभर पटीनं मोलाचं आहे.

दुसरीकडं सीटी स्कॅन म्हणजे नुसता मोठा एक्स-रे असं समजून स्वतःच जाऊन काढणारे. पोटाच्या सीटीला 8 ते 10 मिलिसिव्हर्ट जातात, तीन-चार वर्षांचा निसर्गाचा वाटा पाच मिनिटांत. कोरोनात आठवतंय ना, सगळीकडं एकच, स्कोअर (फुप्फुस किती बिघडलं त्याचे सीटीवरचे मार्क) किती आला? पंचवीसपैकी सात, पंचवीसपैकी अकरा. साधा ताप, ऑक्सिजन 98, तरी एचआरसीटीच्या, म्हणजे छातीच्या सीटीच्या लाइनीत, आणि चार दिवसांनी स्कोअर उतरला का बघायला परत. मे 2021 मध्ये एम्सचे तेव्हाचे डायरेक्टर डॉ. गुलेरिया बोलले की एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, त्यावर रेडिओलॉजिस्ट लोकांच्या संघटनेनं आक्षेप घेतला की नवीन मशीनवर डोस बराच कमी असतो. मशीन कुठलं, सेटिंग काय लावलं यावर सगळं अवलंबून असतं, म्हणून आकडा कमीजास्त होतो. पण लक्षणं किरकोळ असताना ते काढायची गरज नव्हती हे मात्र खरं. थोड्या डोसनं नेमका किती धोका वाढतो यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण नियम करताना जितका डोस जास्त तितका कॅन्सरचा धोका जास्त असंच धरतात, आणि पोरांना मोठ्यांपेक्षा जास्त कारण त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढं अख्खं आयुष्य पडलेलं असतं. ज्याला खरंच गरज आहे त्यानं सीटी काढलाच पाहिजे, डोक्याला मार लागलाय आणि किरणांची भीती वाटते म्हणून थांबला तर माणूस जाईल.

अजून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली आहे, चूक माझीच. एक नवीन लग्न झालेली मुलगी पोटाच्या एक्स-रेला आली, सासू आणि दीर बरोबर, बाहेर बाकावर पंधरा माणसं. मी दारातूनच ओरडून विचारलं, गरोदर नाही ना? तिनं खाली बघून मान हलवली. एक्स-रे काढला. महिन्यानं तीच मुलगी नाव नोंदवायला आली, म्हणजे तेव्हा दिवस गेलेले होते. त्या एका एक्स-रेनं बाळाला काही व्हायची शक्यता फार कमी असते, आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला तसं समजावून सांगितलं, मूल चांगलं झालं. पण ते नऊ महिने त्या पोरीनं कसे काढले असतील? आणि पंधरा माणसांत सासूसमोर ती काय सांगणार होती? त्यानंतर मी बाईला आत घेऊन, दार लावून, बरोबर एखादी सिस्टर किंवा आया उभी करून हळू विचारायला लागलो, पाळी कधी आली होती. गरोदर बायकांनी आधी सांगावं असा बोर्ड दारावर असतोच, पण बोर्ड वाचून कोण बोलतंय. बायांनो, तारीख चुकलेली असेल तर स्वतः सांगा, टेक्निशियनला कानात सांगा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. नोकरीत असताना माझ्या छातीला टीएलडी बॅज (किरणं मोजणारा बिल्ला) असायचा, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा आणि माझ्या अंगावर किती डोस पडला त्याचा आकडा यायचा. आम्हा लोकांना अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे, पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, त्यापुढं गेलं की चौकशी. माझा 29 वर्षांचा हिशोब कागदावर आहे. पेशंटला मर्यादा घालता येत नाही हे बरोबर आहे, आजाराप्रमाणं करावं लागतं, पण निदान मोजदाद तरी? त्या दीड वर्षाच्या पोराचा हिशोब कुठं आहे? त्या पिशवीत. आणि लोक पिशवीच ठेवत नाहीत, फिल्म गादीखाली मुडपतात, पोरं ग्रहण बघायला घेतात (त्यानं डोळे जातात, कृपा करून बघू नका), नाहीतर मोबाईलवर फिल्मचा तिरका फोटो काढून ठेवतात ज्यात ट्यूबलाइटची रेघ पडलेली असते आणि डॉक्टरला काही म्हणजे काही कळत नाही. मग डॉक्टर म्हणतो नवीन काढा. काही ठिकाणी जुनी चांगली फिल्म दाखवली तरी आमच्याच सेंटरला परत काढा म्हणतात, तिथं मात्र शांतपणे विचारायचं, साहेब, चार दिवसांपूर्वीचा आहे, यात काय दिसत नाही म्हणून नवीन पाहिजे? खरं कारण असेल तर डॉक्टर सांगतो. कारणं असतातही, न्युमोनिया वाढला का बघायचं असतं, ऑपरेशननंतर रॉड बघायचा असतो.

त्या बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाच्या मागं मी तीन ओळी लिहून दिल्या, तारीख, छाती, कुठं काढला. एवढं कुणालाही घरी करता येतं. पण सरकारनं पण करावं. लोकांचं आभा कार्ड (आरोग्याच्या नोंदींचं सरकारी कार्ड) काढून घेतलं, त्यात एक्स-रे आणि सीटीची नोंद सक्तीची करा. आणि सीटीचा डोस तर मशीन स्वतःच हिशोब करून दरवेळी स्क्रीनवर दाखवतं, ऑपरेटरच्या डोळ्यासमोर असतो तो आकडा. प्रत्येक सेंटरनं तो पेशंटच्या रिपोर्टवर छापावा, एक ओळ टाइप करायचीय फक्त.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, जि. सातारा