गाडी घेतलीय, आधी पूर्ण वाचा मग फोन करा

आई, बाबा, नमस्कार.

मी एकदम ठणठणीत आहे, जेवणखाण वेळेवर चाललंय, ऑफिसचं नेहमीचंच आहे त्यामुळे ते काही लिहीत नाही. परवा फोनवर धड बोलताच आलं नाही, गाडी शब्द ऐकल्यावर आईचा आवाजच बदलला आणि दादाने मध्येच तो वाऱ्याने दार उपटल्याचा व्हिडिओ लावला. म्हणून सगळं सविस्तर टाईप करतेय. बाबा, तुम्ही शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

तर गाडी घेतली. सेकंडहँड डिझेल डस्टर, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी. तिकडे रेनॉची म्हणून दिसायची तीच, इथे आइसलँडमध्ये डाचिया नावाने विकतात. इथे भाड्याच्या गाड्यांमध्येही ती भरपूर दिसते, त्यामुळे पार्ट मिळतात आणि कुठल्याही गॅरेजवाल्याला ती नवीन नाही. घ्यायच्या आधी दोन वेगवेगळ्या मेकॅनिकला दाखवली, खालून गंज बघितला, चाकांच्या वर हात घालून बघितलं, तुम्ही शिकवलं होतं तसं.

आईचा प्रश्न, की फोटोच काढायचेत तर बसने जा ना. अगं, रेकयाविकमध्ये राहायला गाडी लागतच नाही, पण मला जे काढायचंय ते शहरात नाही. किनाऱ्याने देशाला वळसा घालणारा रिंग रोड आहे, साधारण १३०० किलोमीटरचा, १९७४ मध्ये पूर्ण झाला, त्यावर उन्हाळ्यात कुठलीही गाडी चालते. खरी मजा आतल्या भागात आहे, हायलँड म्हणतात त्याला. तिथे गाव नाही, वस्ती नाही, नुसता लाव्हा, राख, हिमनद्या आणि शेवाळ. तिथल्या रस्त्यांच्या नंबराआधी एफ अक्षर असतं आणि त्यांवर फोर बाय फोर नसेल तर कायद्यानेच जाता येत नाही. साधारण जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंतच ते उघडे असतात, तेही बर्फ किती वितळलाय त्यावर. स्प्रेंगिसांदुर म्हणून एक रस्ता आहे, त्यावर २०० किलोमीटरहून जास्त अंतरात एकही पेट्रोल पंप नाही. म्हणजे डिझेलची टाकी मोठी असणं आणि गाडी कमी पिणारी असणं हे दिसण्यापेक्षा महत्त्वाचं.

ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली कॅम्पर व्हॅन घे, त्यातच झोप, त्यातच चहा कर. मला मोह झाला खरा, कारण पहाटेचा उजेड हवा असेल तर जागेवरच मुक्काम पाहिजे. पण २०१५ पासून इथे कॅम्परमध्ये वाटेल तिथे रात्र काढता येत नाही, कॅम्पसाईटवरच जावं लागतं नाहीतर जमीनमालकाची परवानगी, आणि थंडीत बऱ्याच कॅम्पसाईट बंद असतात. वर ती उंच डब्यासारखी गाडी, वाऱ्यात नुसती डोलते. म्हणून ती बाद. दादा जिम्नी जिम्नी करत होता. गाडी खरंच चांगली आहे, लो गिअर आहे जो डस्टरला नाही, खडकाळ चढावर ती पुढे जाईल. पण इथे मिळते ती तीन दारांची, मागे सामानाला जागा नावालाच, आणि हलकी असल्यामुळे आडव्या वाऱ्यात सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं. डस्टरची मागची सीट पाडली की ट्रायपॉड पाय न मिटवता आडवा राहतो, कॅमेऱ्याची बॅग उघडी ठेवता येते, ओले बूट वेगळे राहतात. जमिनीपासून साधारण २१ सेंटिमीटर उंच आहे, माझ्या कामाला तेवढं पुरतं. मोठी लँड क्रूझर घेतली असती तर खोल नद्यांतून जावंसं वाटलं असतं, आणि एकटीने मला ते करायचंच नाहीये. नदीत इंजिनात पाणी गेलं तर विमासुद्धा सहसा काही देत नाही.

नद्यांचं आधीच सांगून टाकते. इथे बऱ्याच एफ रस्त्यांवर पूल नाहीत, नदीतूनच जायचं असतं. दुपारी ऊन लागून बर्फ वितळला की हिमनदीचं पाणी वाढतं, म्हणून जायचं तर सकाळी. जिथे नदी मोठी आहे तिथे मी बसने जाते. होय बाबा, बसने! थोर्समोर्कला जाताना क्रोसाउ नावाची नदी लागते, फार बदनाम आहे, रोज पात्र बदलते, आणि उंच केलेली मोठ्या चाकांची बस सरळ तिच्यातून जाते. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते. त्याने आधी थांबून पाणी कुठे पसरलंय ते बघितलं, खालच्या गिअरमध्ये टाकली आणि एका लयीत, न थांबता पलीकडे. मला तुम्ही पावसाळ्यात वरंधा घाटातून गाडी काढायचात ते आठवलं. डोळ्यात पाणीच आलं एकदम. तुम्ही इथे आलात की आधी त्या बसमध्ये बसवणार आहे.

फोटोसाठी गाडी म्हणजे नुसतं पोचायचं साधन नाही, हे दादालाही कळेना. पक्षी माणसाला घाबरतात, उभ्या गाडीला तेवढे घाबरत नाहीत. लोआ म्हणून सोनेरी ठिपक्यांचा पक्षी आहे, तो आला की इथले लोक वसंत आला म्हणतात. तो रस्त्याकडेला शेवाळावर उभा होता. मी आधीच इंजिन बंद केलेलं, कारण चालू असलं की लेन्सला थरथर पोचते. काच अर्धी खाली, काचेच्या कडेवर आईने जुन्या लुगड्याची शिवून दिलेली पिशवी तांदूळ भरून ठेवलेली, त्यावर मोठी लेन्स. तो चार पावलं चालायचा, थांबायचा, मान तिरकी करून बघायचा, असं करत इतका जवळ आला की पाठीवरचा एकेक ठिपका मोजावा. खाली उतरले असते तर केव्हाच उडाला असता. आई, ती पिशवी माझ्या सगळ्या सामानात सगळ्यात जास्त वापरली जाते. आणि हो, मन मानेल तिथे गाडी रस्त्याखाली उतरवत नाही मी, इथे तो गुन्हा आहे, शेवाळावर उठलेला चाकाचा वण कित्येक वर्षं जात नाही.

आता बाबा, हे तुम्हाला पटणार नाही पण मी डोळ्यांनी बघितलंय. इथले लोक बर्फात जाण्याआधी मुद्दाम टायरची हवा काढतात! थोडीथोडकी नाही. ऑफिसमधल्या एकाची ३८ इंची टायरची जीप आहे, त्याने हिमनदीच्या तोंडाशी गाडी थांबवली, खाली उतरून चारही चाकांची हवा सोडायला लागला, पार तीन-चार पीएसआयवर आणली. मला वाटलं पंक्चर झालं. तर तो म्हणाला पूर्ण हवेचा टायर बर्फात कापत खाली जातो आणि गाडी पोटावर बसते, हवा काढली की टायर भाकरीसारखा पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, वजन वाटलं जातं आणि गाडी बर्फाच्या वरून तरंगत जाते. आणि खरंच गेली, जिथे माणूस गुडघ्यापर्यंत रुतत होता तिथून गेली. परत पक्क्या रस्त्यावर आलो की गाडीतल्याच कॉम्प्रेसरने पुन्हा हवा भरली, त्याला चांगला वेळ लागला, तोपर्यंत सगळे थर्मासमधली कॉफी पीत उभे. हवा चेक केल्याशिवाय तुम्ही कधी डेपोतून गाडी काढली नाहीत, म्हणून इतकं लिहिलं. माझ्या डस्टरवर हे करायचं नाही, तिचे टायर त्यासाठी नाहीतच. थंडीसाठी मी खिळ्यांचे टायर घेतलेत, ते १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल वापरता येतात.

दाराचं म्हणाल तर वारा खरंच तसा असतो, पण उपाय साधा आहे, गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची आणि दार उघडताना हात सोडायचा नाही. एकटी जाते हेही खरं, पण कुणाला न सांगता कधीच नाही. जाण्याआधी रस्त्यांची आणि हवेची माहिती बघते, कुठे जाणार ते ऑनलाईन नोंदवून ठेवते आणि ११२ या आणीबाणीच्या नंबराचं ॲप आहे त्यातून रेंज असेल तिथे लोकेशन पाठवते. शोधायला येणारी पथकं स्वयंसेवकांची आहेत, पगार घेत नाहीत, नववर्षाला फटाके विकून पैसे उभे करतात. मीही यंदा त्यांच्याकडूनच फटाके घेणार. तर सारखं "एकटी मुलगी" म्हणू नका, इथे मला रात्री भीती वाटत नाही, खरंच.

पैशांचं. गाडीसाठी कर्ज काढलेलं नाही, साठवलेलेच होते. घराचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच येईल, त्यात एक रुपया कमी नाही. फक्त वरच्या खोलीच्या स्लॅबचे पैसे आता ऑक्टोबरऐवजी डिसेंबरमध्ये पाठवते, गवंड्याला तसं सांगून ठेवा. आणि दिवाळीचं तिकीट काढलेलं नाही. आई, मला माहितेय तू अनारशाचं पीठ माझ्यासाठी म्हणून करतेस. पण दादाच्या लग्नाला फेब्रुवारीत यायचंच आहे, दोन्ही तिकिटं एका वर्षात जमत नव्हती, आणि लग्नाला तीन आठवडे येतेय, चार दिवस नाही. भाऊबीजेला व्हिडिओ कॉल करू, दादाला म्हणावं ओवाळणी लग्नात दे.

हॉलचा ॲडव्हान्स मी देते म्हटलंय तो देणारच, नंबर पाठवा, या महिन्यातच करते. वहिनीच्या माहेरच्यांना गाडीचं सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मावशीने पाठवलेलं स्थळ बघितलं, मुलगा चांगला वाटतो, पण त्याला पुणं सोडायचं नाहीये आणि मला अजून दोन वर्षं इथे राहायचंय, तर उगाच त्यांना ताटकळत ठेवू नका, स्पष्ट कळवा. मावशी रागावेल, तिच्याशी मी स्वतः बोलते रविवारी. बाबा, गुडघ्याची गोळी बंद केली नाहीत ना? दादा, गाडीचे फोटो सोबत टाकलेत, बाबांना मोठे करून दाखव, इंजिनचे पण आहेत.

तुमची,
माई