पुढच्या चाकांना भलतेच टायर, आणि वर ‘साईज तं सेमच आहे ना जी!’

नागपूर, दि. १४ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ठरलेल्यापेक्षा वेगळे आणि जुने टायर बसवून दिल्याबाबत, तसेच त्यावर आपल्या कार्यालयाने पाठवलेल्या उत्तराबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या नागपुरातील अधिकृत विक्रेत्याकडून मी मे महिन्याच्या अखेरीस चार टायर घेतले. पैसे पूर्ण मोजले, २८ टक्के जीएसटीसह. ठरले होते ते आपल्या स्पोर्ट्स मालिकेतले चार टायर, २२५/४० आर १८, ९२ वाय, एक्सएल. यात पहिले आकडे मापाचे, ९२ हा भार पेलण्याचा आकडा म्हणजे लोड इंडेक्स, वाय हे वेगमर्यादेचे अक्षर आणि एक्सएल म्हणजे जादा भार पेलणारी बांधणी. पॅटर्नच्या, म्हणजे नक्षीच्या, नावासकट हे सगळे मी विक्रेत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिले होते आणि त्यांनी ‘ओके सर’ असे उत्तरही दिले होते. बिलावर मात्र फक्त ‘२२५/४० आर १८, ४ नग’ एवढेच छापून आले. पॅटर्नचे नाव नाही, लोड इंडेक्स नाही.

गाडी स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ आहे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २४५ पीएस, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, आणि ही सगळी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांवर. टॉर्क १६०० आरपीएमलाच पूर्ण हजर होतो, त्यामुळे पाय जरा जड पडला की ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येही चाके जागच्या जागी फिरू लागतात. गाडी वळवायचीही त्यांनीच आणि ब्रेक दाबल्यावर वजन येऊन पडते तेही त्यांच्यावरच. मागचे टायर त्याच जातीचे हवेत, नाहीतर पावसात शेपूट सुटते. पण खरी मेहनत पुढच्या जोडीची. आणि आपल्या विक्रेत्याने खोट केली ती नेमकी पुढच्याच जोडीत.

गाडी हातात आली तेव्हा रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धुताना नक्षी वेगळी दिसली म्हणून खाली बसून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, वाचली. मागचे दोन टायर ठरल्याप्रमाणे आहेत, बनावटीचा आकडा ०६२५, म्हणजे २०२५ सालचा सहावा आठवडा. पुढचे दोन आपल्याच कंपनीचे, पण कम्फर्ट मालिकेतले. त्यांच्यावर ८८ डब्ल्यू लिहिले आहे, एक्सएल नाही, आणि बनावटीचा आकडा ३८२१. सप्टेंबर २०२१ मध्ये तयार झालेला माल मला मे २०२५ मध्ये नवा म्हणून विकला गेला. एवढ्यावरही भागले नाही. मागच्या उजव्या चाकावर बाहेरून जो शब्द वाचता येतो तो ‘इनसाइड’ आहे! दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी असलेला टायर कोणत्या अंगाने बसवायचा हे आपली कंपनी साइडवॉलवर मोठ्या अक्षरांत कोरते. ते वाचायची तसदी तरी बसवणाऱ्याने घ्यायला हवी होती.

त्याच सकाळी दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा स्वभावाने वाईट नाही, चहाही पाजला. पण त्याचे म्हणणे असे : “टायर तं टायर राह्यते जी, साईज तं सेमच आहे ना! अन् हे पुढचे लय चालतात, तुम्हाले फायदाच आहे.” मग कळले की स्पोर्ट्सचे दोनच नग शिल्लक होते, म्हणून ‘सेट पूर्ण केला’. फोन करून विचारावे असे कोणालाही वाटले नाही.

साईज जुळणे म्हणजे टायर रिमवर बसणे, इतकेच. ९२ या लोड इंडेक्सचा टायर ६३० किलो भार पेलतो, ८८ चा ५६०. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचे वजन ज्या टोकाला आहे, तिथेच प्रत्येक चाकामागे ७० किलोंची क्षमता कमी झाली. वाय आणि डब्ल्यूमधल्या फरकाबद्दल मी भांडत नाही. डब्ल्यूची मर्यादा ताशी २७० किलोमीटर आहे, माझी गाडी कंपनीनेच २५० वर रोखलेली आहे आणि समृद्धीवर परवानगी १२० ची. भांडण रबराचे आहे. आपल्याच साइडवॉलवर कम्फर्टचा ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, ५०० छापलेला आहे आणि स्पोर्ट्सचा ३००. हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून ठरवते आणि तो झिजेचा असतो, पकडीचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण एकाच कंपनीच्या दोन मालिकांत एवढी तफावत असेल तर जास्त चालणारे रबर सहसा कडक असते आणि कडक रबर रस्ता कमी धरते. स्पोर्ट्स टायर लवकर झिजणार हे पत्करूनच मी ते मागितले होते. ‘जास्त चालतात’ हा फायदा मी मागितलाच नव्हता.

याचा परिणाम पहिल्या पावसात दिसला. जूनमध्ये वर्धा रोडवर, सिमेंटचा रस्ता नुकता भिजलेला, धूळ आणि तेल वर आलेले. सिग्नल सुटल्यावर मी अगदी हलक्या पायाने निघालो तरी ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकू लागला आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले. पुढे चौकात वळताना नाक आत यायला तयार नाही, गाडी सरळच जाऊ पाहते. मागचे नवे टायर रस्ता घट्ट धरून बसलेले आणि पुढचे घसरणारे. एबीएस पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर धडधडू लागते. आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, गाडीत इलेक्ट्रॉनिक्स आहे, काळजी नको. साहेब, ट्रॅक्शन कंट्रोल पकड तयार करत नाही, ते इंजिनाची ताकद कापते. एबीएस चाक अडकू देत नाही, पण थांबायचे अंतर शेवटी रबर आणि रस्ता मिळूनच ठरवतात. भिंतीला लोणा लागला असताना वरून रंगाचा हात मारावा तसा हा सल्ला आहे.

आता आपल्या कार्यालयाच्या ई-मेलकडे वळतो, कारण विक्रेत्यापेक्षा मला राग त्याचा जास्त आला आहे. त्यात लिहिले आहे की पुढचे टायर ‘वाहनाच्या मापाशी सुसंगत’ आहेत, घसरण ‘चालवण्याच्या पद्धतीमुळे’ असू शकते, आणि नागपूरच्या हवामानात मऊ रबराचे टायर उन्हाळ्यात लवकर खराब होतात व हिवाळ्यात कडक पडतात, म्हणून कम्फर्ट मालिकाच योग्य. हिवाळ्याचे आधी बोलू. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक पडू लागते. नागपुरात पारा तिथवर उतरला तर पेपरात बातमी येते, आणि तेव्हा आम्ही घरात हीटरपाशी बसलेले असतो. राहिला उन्हाळा. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते, हे खरे. पण स्पोर्ट्स टायर उष्ण रस्त्यासाठीच बनतात. त्याच साइडवॉलवर तापमानाची श्रेणी ‘ए’, म्हणजे सर्वांत वरची, आपणच छापली आहे. टायर तापून फुटतात ते बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे, भार जास्त झाल्यामुळे किंवा रबर जुने झाल्यामुळे. यातली शेवटची दोन कारणे तर आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने माझ्या पुढच्या चाकांवर चढवून दिली आहेत. आणि मऊ रबर नागपूरला चालतच नसेल, तर नागपूरच्या दुकानात ते विकता कशाला?

हवेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. बिलात ‘नायट्रोजन’ म्हणून वेगळे पैसे लावले आहेत. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो मुद्दा मी सोडून देतो; पण नायट्रोजनसाठी पैसे घेणाऱ्या दुकानाने चारही चाकांत सरसकट ३५ पीएसआय दाब भरला होता, माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाआत चिकटवलेला तक्ता न बघता.

शेवटचा मुद्दा हमीचा. आपल्या हमीपत्रात पाच वर्षे ‘उत्पादनाच्या तारखेपासून’ असे छापले आहे. म्हणजे पुढच्या टायरची तीन वर्षे आठ महिन्यांची हमी मी विकत घेण्यापूर्वीच संपली होती. जुना माल विकणे हा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. पण किंमत नव्याची, हमी जुन्याची आणि माल न मागितलेला, हे तिन्ही एकत्र आले की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो की नाही, हे आपल्या विधी विभागाला विचारावे.

माझी मागणी साधी आहे. पुढचे दोन्ही टायर परत घेऊन मागच्यांच्याच पॅटर्नचे, ९२ वाय एक्सएल, २०२५ मध्ये बनलेले दोन टायर बसवून द्यावेत. मागचा उजवा टायर काढून योग्य बाजूने बसवावा, चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि गाडीचे अलाइनमेंट विनामूल्य करावे. नव्या बिलावर पॅटर्न, लोड इंडेक्स, वेगाचे अक्षर आणि बनावटीचा आठवडा लिहावा. तसा माल आपल्याकडे नसेल तर चारही टायर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. मी दुसऱ्या कंपनीचे घेईन, त्यात मला कमीपणा वाटणार नाही. ‘पुढच्या खरेदीवर सवलत’ देऊ केलीत ती मला नको.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी ग्राहक जिथे राहतो तिथे दावा करता येतो, ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे.

तोवर ही गाडी मी पावसात शहराबाहेर काढत नाही. तपासणीसाठी आपला माणूस पाठवायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करावा. मात्र तो त्याच दुकानातला नसावा, आणि येताना त्याने ट्रेड, म्हणजे नक्षीची खोली, मोजायचा गेज बरोबर आणावा. विक्रेत्याकडच्या गेजची बॅटरी संपलेली आहे.

आपला,
एक ग्राहक, नागपूर

सोबत : बिलाची प्रत, व्हॉट्सअ‍ॅपवरील मागणीचा स्क्रीनशॉट, चारही साइडवॉलचे फोटो, हमीपत्राची प्रत