ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल गरम असताना बघा

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्याकडे २००५ची टोयोटा कोरोला ऑटोमॅटिक आहे, मागच्या महिन्यात एका गॅरेजवाल्याने सकाळी थंडगार गाडीच्या गिअर ऑइलची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली आणि "ऑइल कमी आहे काका" म्हणून अर्धा लिटर ओतून मोकळा झाला. अहो, त्या पट्टीवर थंड आणि गरम अशा दोन वेगळ्या खुणा असतात, हा बघत होता गरमची! तापल्यावर ऑइल फुगतं, मग लेव्हल जास्त झाली, फेस व्हायला लागला आणि डी (पुढे जायचा गिअर) टाकला की गाडी क्षणभर विचार करून मग हलायची.

खरं तर गाडी पंधरावीस मिनिटं चालवून सपाट जागी हँडब्रेक लावायचा, ब्रेक दाबून गिअर सगळीकडे फिरवून परत पी (पार्किंग) वर आणायचा आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी पुसून बघायची. जुन्या होंडा ऑटोमॅटिकला मात्र इंजिन बंद करून लगेच बघतात, म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल पुस्तक उघडा. ऑइल लालसर हवं, काळपट आणि जळका वास म्हणजे गडबड. माझं जादाचं काढायला परत पैसे गेले ते वेगळंच.

एक वाचक, पुणे