सूट घालून आधी खाली बस

प्रिय बाळा,

तुझा फोटो मिळाला. गार पाण्यात कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, चालवताना घालायचा तुझा ड्रायसूट छान दिसतोय आणि रंग लांबून नजरेत भरेल असा निवडलास, ते फार बरं केलंस. पण फोटोत तू आरशासमोर ताठ उभी आहेस, आणि कयाकमध्ये कुणी उभं राहत नाही. पुन्हा घालून बघशील तेव्हा आतले सगळे कपडे घाल, वर सूट चढव आणि सरळ जमिनीवर बस. गुडघे किंचित वर, पावलं बाहेर वळलेली, अगदी कयाकमध्ये बसतेस तशी. वल्हं हातात आहे असं समजून दोन्ही बाजूंना मारून बघ. हात डोक्यावर ने, स्वतःलाच मिठी मार, उकिडवी बस. खांद्यात, पाठीत किंवा जांघेत कुठेही ओढ बसली तर एक माप मोठं घे. मात्र फार ढगळही नको. ढगळ सूटमध्ये हवा साठते आणि पोहायची वेळ आली की तो सगळा पसारा पाण्यात ओढावा लागतो.

तू विचारलंस, "आई, एवढा महागाचा सूट, मग आत आणखी कपडे कशाला?" कारण ड्रायसूट ऊब देत नाही, तो फक्त पाणी बाहेर ठेवतो. त्याचं कापड पातळ असतं. ऊब मिळते ती आतल्या कपड्यांतल्या हवेची. वेटसूटचं उलट आहे. त्यात पाणी शिरतं, अंगाच्या उबेने तो पातळ थर कोमट होतो आणि निओप्रीन या जाड, फुगीर रबरामुळे ती ऊब टिकते. पाणी जरा सौम्य असेल आणि किनारा जवळ असेल तर वेटसूटवर भागतं, पण तू निघाली आहेस तिथल्या गार पाण्यात नाही. म्हणून अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल आणि त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार उबदार कापडाचा कपडा, घाल. सुती काहीही नको, अगदी आतले कपडेसुद्धा. सुती कपडा घामानेच ओला होतो आणि ओलाच राहतो. कपडे ठरवताना बाहेरचं ऊन बघू नकोस, पाण्यात हात घालून बघ.

मी इतकं मागे का लागते ते सांगते. गार पाणी सारख्याच तापमानाच्या हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठात गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा १-१०-१ हा हिशोब पाठ करून ठेव. बर्फासारख्या पाण्यात पडलीस की पहिलं १ मिनिट धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ती जेमतेम १० मिनिटं. थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे माणूस गारठून जायच्या कितीतरी आधी त्याच्या हातातून वल्हं सुटतं. चांगला सूट पहिल्या मिनिटाचा तडाखा बराच कमी करतो आणि पुढची वेळ वाढवतो. लाइफ जॅकेट मात्र त्याच्या वर हवंच, आणि त्याचे पट्टे सूट घातल्यावर नव्याने आवळून घे.

आता मान आणि मनगटं. ड्रायसूटचं खरंखोटं इथेच ठरतं. तिथे लॅटेक्सची, म्हणजे ताणणाऱ्या रबराची, पातळ पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. नवी पट्टी घट्टच येते. माझ्या पहिल्या सूटचा गळा इतका आवळत होता की मी चिडून घरातली बोथट कात्री घेतली आणि एका दमात दोन बोटं रुंद पट्टी कापून टाकली. कडेला एक बारीकशी खाच राहिली, ती माझ्या लक्षातही आली नाही. पुढच्याच वेळी पाण्यात पडले तेव्हा गळा त्या खाचेतून टरकन फाटला आणि गार पाणी छातीवरून पोटापर्यंत उतरलं. सोबतच्यांनी लगेच वर काढलं म्हणून निभावलं. पण काठावर आल्यावर लाइफ जॅकेटचं बक्कल मला स्वतःच्या हाताने सोडवता आलं नाही.

तू तसं करू नकोस. आधी मानेपेक्षा जरासं रुंद पातेलं घेऊन गळ्याची पट्टी त्यावर रात्रभर ताणून ठेव. तेवढ्याने पुष्कळदा काम होतं. तरीही घट्ट वाटली तर त्यावर गोल कड्या उमटवलेल्या असतात त्या बघ. धारदार कात्रीने एका वेळी एकच कडी काप, कात्री न उचलता, सलग. मग घालून पंधरा-वीस मिनिटं घरात वावर. चक्कर आली, डोकं जड झालं, चेहरा तापला तर अजून घट्ट आहे. मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब येतोय. पट्टीला सुरकुती पडत असेल तर सैल झाली, तिथून पाणी येणार. गळ्यावर कुणीतरी हलकेच हात ठेवलाय, इतपत जाणवायला हवं.

मनगटाचंही तसंच, पण एक गोष्ट कुणी सांगत नाही. मूठ वळून मनगट वाकव. आतल्या बाजूला स्नायूंच्या दोन दोऱ्या उभ्या राहतात ना? त्यांच्या मधल्या पन्हळीतून पाणी आत शिरतं. म्हणून पट्टी मनगटाच्या हाडावर न ठेवता थोडी वर, कोपराकडे सरकवून बसव. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळसर दिसली तर घट्ट आहे.

घालताना अंगठ्या, घड्याळ, कानातलं सगळं आधी काढ. नखं कापलेली असू देत. बोटांची टोकं पट्टीत खुपसून ओढू नकोस, तळवे सपाट आत घालून ती पसरव आणि डोकं बाहेर काढ. केसाची एक बट जरी गळ्याखाली अडकली तरी तिथून पाणी झिरपतं. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लॅटेक्सला लागू देऊ नकोस, ते त्याला खातं. आणि लॅटेक्सने अंगावर पुरळ येत असेल तर आताच सांग, सिलिकॉनच्या पट्ट्याही मिळतात. निओप्रीनचा गळा आरामशीर असतो, पण थोडं पाणी येऊ देतो. तुझ्या पाण्यासाठी मला तो नको वाटतो.

चेन लावताना टोकापर्यंत ओढ आणि मग बोट फिरवून खात्री कर. सोबतीणीलाही बघायला सांग, विशेषतः चेन पाठीवर असेल तर. चेन सहज सरकावी म्हणून ती धातूची असेल तर मेण लाव, प्लास्टिकची असेल तर सोबत मिळणारं ग्रीस.

हे आई म्हणून सांगते, संकोच करू नकोस. लघवीसाठी मागून उघडणारी वेगळी चेन असलेला बायकांचा सूटच घे. ती नसली की बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. मी वर्षानुवर्षं तेच केलं आणि दुपारी डोकं दुखत वल्हवलं.

पाण्यात उतरण्याआधी उकिडवी बस, गुडघे छातीशी आवळ आणि एका बोटाने गळ्याची पट्टी जराशी उघड. आतली हवा फुस्सकन निघते. ती राहिली तर पाण्यात पायांकडे जाते आणि पाय वर तरंगायला लागतात. सूटमध्ये पाणी भरलं की माणूस तळाला जातो, असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते खरं नाही. पाण्यातल्या पाण्याला खाली ओढणारं वजन नसतं. मात्र तसा भरलेला सूट घेऊन कयाकवर चढणं फार अवघड, आणि आत गारठा.

बाकीचं थोडक्यात. सूटला जोडलेल्या मोज्यांच्या आत लोकरीचे मोजे आणि वरून एक माप मोठे निओप्रीनचे बूट. आत वाळू राहू देऊ नकोस, मोज्याला भोक पडतं. डोक्याला निओप्रीनची टोपी. हातांना पोगी, म्हणजे वल्ह्यावर बसवायच्या, हात आत घालायच्या पिशव्या, मला हातमोज्यांपेक्षा आवडतात, कारण वल्ह्याची पकड थेट कळते. पण पाण्यात पडल्यावर हात उघडेच राहतात, म्हणून लाइफ जॅकेटच्या खिशात हातमोजे ठेव.

मोठ्या फेरीला जाण्याआधी कुणाला तरी सोबत घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतर. आडवी हो, पोह, कयाक उलटवून परत चढ. दहा मिनिटं पाण्यात राहा. काठावर येऊन सूट उतरव आणि आतले मोजे, बाह्या, गळ्याजवळचं फ्लीस हाताने चाचपून बघ. घामाचा दमटपणा सगळीकडे सारखा असतो, गळतीची ओल एकाच जागी सापडते. कुठे सापडली ते मला त्याच दिवशी फोन करून सांग.

तुझी,
आई